करकायद्याचा अभ्यास: गणिताची भीती आणि जुन्या-नव्या कायद्याचा पेच

प्रश्न – विधी विद्यार्थिनी, सातारा

मी तीन वर्षांच्या एलएल. बी. अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात आहे. माझी पदवी मराठी साहित्याची असून दहावीनंतर गणिताशी माझा संबंध आलेला नाही. या सत्रात करकायदा हा अनिवार्य विषय आहे. वर्गातील वाणिज्य शाखेचे विद्यार्थी पाच शीर्षांखालील (म्हणजे वेतन, घरभाडे अशा कायद्याने पाडलेल्या पाच प्रकारांतील) उत्पन्नाची उदाहरणे झरझर सोडवतात आणि मी पहिल्याच वजावटीपाशी अडखळते. त्यातच १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ च्या कायद्याने घेतली आहे, पण ग्रंथालयातील बहुतेक पुस्तके आणि सर्व गाजलेले निवाडे जुन्या कायद्यावरचे आहेत. मी नेमका कोणता कायदा वाचावा, आणि गणित कच्चे असलेल्या व्यक्तीने या क्षेत्रात वकिली करण्याचा विचार करावा का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ – करविषयक वकील, नागपूर

ताई, आपली साहित्याची पदवी या विषयात अडचण ठरणार नाही. उलट तिचा उपयोगच होईल, हे मी प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणापुढील अनेक वर्षांच्या कामाच्या आधारे सांगतो. तिथे सनदी लेखापालही बाजू मांडतात आणि आकडेमोडीत ते आपल्यापेक्षा सरस असतात. परंतु वस्तुस्थितीविषयीचा अंतिम निर्णय न्यायाधिकरण देते आणि त्यापुढे उच्च न्यायालयात अपील जाते ते केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर. तिथे वाद असतो तो शब्दांचा.

व्होडाफोनचे प्रकरण याच दृष्टीने वाचा. केमन बेटांवरील एका कंपनीचा समभाग परदेशातच विकला गेला आणि त्याबरोबर भारतातील दूरसंचार व्यवसायाचे नियंत्रण हस्तांतरित झाले. भारतात असलेल्या भांडवली मालमत्तेच्या हस्तांतरणा‘मार्फत’ मिळालेले उत्पन्न करपात्र आहे, असे १९६१ च्या कायद्याचे कलम ९ सांगत होते. या ‘मार्फत’ शब्दात अप्रत्यक्ष हस्तांतरण बसते का, यावर हजारो कोटींचा कर अवलंबून होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये व्होडाफोन या खरेदीदार कंपनीच्या विरोधात निर्णय दिला, तर सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०१२ रोजी तो फिरवला. त्याच वर्षी संसदेने पूर्वलक्षी, म्हणजे मागील काळापासून लागू होणारी, दुरुस्ती करून या एका शब्दाचा अर्थ कायद्यातच लिहून टाकला, आणि २०२१ मध्ये जुन्या व्यवहारांपुरती ती कराची मागणी मागे घेतली. या सगळ्या वादात कोणाची बेरीज चुकली होती असे नाही.

वाचताना क्रम मात्र पाळा. प्रथम कर आकारणारे कलम, मग व्याख्या, मग गणनेची कलमे आणि सर्वांत शेवटी सवलती. विद्यार्थी नेमके उलटे करतात. वजावटींची यादी पाठ करतात आणि कर मुळात लागतो का, हे विचारायचेच विसरतात. बी. सी. श्रीनिवास शेट्टी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये असे म्हटले की आकारणी आणि गणना यांची कलमे मिळून एकच संहिता होते. व्यवसायाने स्वतः कमावलेल्या नावलौकिकाची (गुडविलची) संपादन किंमत, म्हणजे तो मिळवायला आलेला खर्च, ठरवता येत नसेल, तर भांडवली नफ्याची गणना होऊ शकत नाही, आणि गणना होत नसेल तर ती मालमत्ता आकारणीच्या कक्षेतच येत नाही. पुढे संसदेने ही किंमत शून्य धरावी अशी दुरुस्ती केली. निवाडा आणि दुरुस्ती अशी जोडी लावून वाचल्यास कलम आजच्या रूपात का आहे, ते लक्षात राहते.

उत्तर २ – अध्यापिका, कोल्हापूर

जुना की नवा या प्रश्नाचे उत्तर असे की, परीक्षेसाठी आपल्या विद्यापीठाचा चालू अभ्यासक्रम पाहा, परंतु समजून घ्यायचे ते दोन्ही कायदे. २०२५-२६ या वर्षातील उत्पन्नाचे विवरणपत्र १ एप्रिल २०२६ नंतर भरले जात असले, तरी त्या उत्पन्नाला १९६१ चाच कायदा लागू आहे, आणि त्या काळातील अपिले पुढे बरीच वर्षे चालतील. नव्या कायद्यात ५३६ कलमे आहेत. ‘मागील वर्ष’ (उत्पन्न मिळते ते) आणि ‘करनिर्धारण वर्ष’ (त्यावर कर ठरतो ते) या जोडीऐवजी एकच ‘करवर्ष’ आले आहे. करमुक्त उत्पन्नांची लांबलचक यादी कलमातून काढून कायद्याच्या शेवटी जोडलेल्या अनुसूचींत नेली आहे. मूळ तत्त्वे बरीचशी तीच आहेत, म्हणून जुने निवाडे टाकून देऊ नका.

त्याआधी संविधान उघडा. अनुच्छेद २६५ सांगतो की कायद्याच्या अधिकाराशिवाय कर लावता येत नाही आणि वसूलही करता येत नाही. शेतीचे उत्पन्न केंद्राच्या प्राप्तिकरातून का सुटते, याचे उत्तर विद्यार्थी हमखास ‘सरकारची सवलत’ असे लिहितात. खरे कारण केंद्र आणि राज्ये यांच्यात विषयांची वाटणी करणाऱ्या सातव्या अनुसूचीत आहे. संघसूचीतील नोंद ८२ शेतीखेरीज इतर उत्पन्नावरील कराची, तर राज्यसूचीतील नोंद ४६ शेतीउत्पन्नावरील कराची आहे. तरीही ठरावीक मर्यादेपलीकडे इतर उत्पन्नाचा दर ठरवताना शेतीचे उत्पन्न जमेस धरतात. हे गणित साध्या बेरीज-वजाबाकीचे आहे, ते आपणास नक्की जमेल.

उत्तर ३ – मडगावचा वकील

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. आमच्याकडचे एक उदाहरण जोडतो, कारण करकायदा विवाह-वारसा यांविषयीच्या व्यक्तिगत कायद्याशी कसा गुंतलेला असतो हे त्यातून दिसते. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेनुसार पती-पत्नींची मालमत्ता सामायिक असते. त्यामुळे १९६१ च्या कायद्यात १९९४ मध्ये घातलेल्या कलम ५अ नुसार, वेतन सोडून इतर शीर्षांखालील उत्पन्न दोघांत समान विभागले जाते. वेतन मात्र ज्याने कमावले त्याच्याच उत्पन्नात धरतात. घरभाडे पतीच्या खात्यात जमा होत असले, तरी अर्धे उत्पन्न पत्नीच्या विवरणपत्रात दाखवावे लागते. नव्या कायद्यातही ही तरतूद कायम आहे. ‘वेतनाखेरीज’ हा एक शब्द नजरेतून सुटल्यामुळे चुकलेली विवरणपत्रे माझ्याकडे दरवर्षी येतात. आणखी एक बाब म्हणजे, ही संहिता १८६७ ची असताना कलम ५अ च्या मजकुरात तिचे वर्ष १८६० असे छापलेले आहे. मार्गदर्शिकेवर विसंबणाऱ्याला हे कळत नाही, म्हणून मूळ अधिनियमाचा मजकूर स्वतः वाचण्याची सवय आतापासून लावून घ्या.

विद्यार्थिनी, सातारा

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. व्होडाफोनचे दोन्ही निवाडे आज उतरवून घेतले असून, प्रथम मुंबई उच्च न्यायालयाचा वाचणार आहे. ‘मार्फत’ या शब्दावर दोन्ही न्यायालयांनी काय म्हटले ते समोरासमोर लिहून काढेन आणि जिथे अडेन तिथे इथेच विचारेन.