घरातला ससा आणि त्याची शी-शू : तुमचे अनुभव सांगा

संत्राबर्फी :
बुंदीला घरी आणून पाच आठवडे झाले. वय साधारण साडेतीन महिने, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. पहिले तीन आठवडे इतकी शहाण्यासारखी ट्रेमध्ये जायची, की मी बहिणीला फोन करकरून मिरवलं. आता दहा दिवसांपासून गादी, पायपुसणं आणि सासूबाईंची घडी घालून ठेवलेली दुलई. ट्रे मात्र कोरडा ठणठणीत. काल सकाळी माझ्याकडे बघत बघत दुलईवर चढली, शेपटी वर केली आणि झालं. सासूबाई म्हणाल्या, "सशाला वळण लावायला निघाली, नवऱ्याला लागलं नाही अजून."
नागपुरात पिंजऱ्याबाहेर, घरात ससा पाळणारे कोणी आहेत का? काय जमलं, काय फसलं, दोन्ही लिहा. फसलेलं आधी.

तर्री_पोहा :
ताई, साडेतीन महिने म्हणता न, तिथंच तर सारं आहे. पोट्टी वयात येऊन राहिली. तीन ते सहा महिन्यांत ससे असेच करतात, शिकलेलं विसरले असं वाटते, पण ते विसरत नाही, हद्द आखतात. आमचा पेढा चौथ्या महिन्यात माझ्या पायाभोवती गोल गोल फिरायचा. मी म्हटलं, काय प्रेम आहे बाप्पा! तिसऱ्या फेरीला पॅन्टवर पिचकारी. ऑफिसची पॅन्ट, सकाळचे साडेनऊ.
पाचव्या महिन्यात नसबंदीचं ऑपरेशन केलं. आदल्या रात्री आई त्याला उपाशी ठेवणार होती, माणसासारखं. डॉक्टर म्हणाले, सशाला उलटी होतच नाही, उपाशी ठेवू नका. त्यानंतर पण लगेच फरक नाही पडला, महिना-सव्वा महिना पिचकाऱ्या सुरूच होत्या. मग बंद. आता बैठकीत दोन-चार सुक्या लेंड्या पडतात, त्या मी झाडूनं ओढतो. तेवढं चालते.

गोकुळपेठवाली :
फसलेलं आधी मागितलंय, तर घ्या. दुकानातून कोपऱ्यात बसणारा तिकोनी ट्रे आणला, दिसायला फार गोंडस. आमची ढब्बू त्यात चारही पाय ठेवून सभ्यपणे बसायची, पण बूड कडेबाहेर आणि धार थेट भिंतीवर. तिच्या मते ती ट्रेमध्येच होती. आम्ही महिनाभर तिलाच बोल लावले.
शेवटी बुधवार बाजारातून भांडी विसळायचा मोठा चौकोनी टब आणला. गरम सुरीने एका बाजूची कड कापून उंबऱ्याएवढी केली, कापलेली धार मेणबत्तीवर फिरवून गुळगुळीत केली. तळाला वर्तमानपत्राचे चार पदर आणि एका टोकाला वाळलेला चारा, भरपूर. ही चाऱ्याची गोष्ट मला फार उशिरा कळली. ससा खाता खाताच लेंड्या टाकतो. मी आपल्या हिशोबाने स्वयंपाकघर एका टोकाला आणि संडास दुसऱ्या टोकाला ठेवला होता. चारा टबात गेला त्याच दिवशी निम्मं काम झालं.
दुसरी चूक फिनाइलची. ट्रे रोज चकचकीत करायची मी, मग तिला स्वतःचा वास सापडेना आणि ती सोफ्याखाली नवा पत्ता शोधायची. आता टबात एक ओला कागद आणि चार लेंड्या मुद्दाम ठेवते. जिथे नको तिथे केलं, तर पांढऱ्या व्हिनेगरने पुसते. सशाच्या लघवीत कॅल्शियम असतं, त्याचा फरशीवर बसणारा पांढरा थर नुसत्या पाण्याने निघत नाही.
आणि बुंदीला सध्या एकच खोली द्या. गादीवर चढायला मिळालं, की ती मऊ जागा संडासच समजते.

महालातला :
टबाच्या तळाशी काय घालता, ते पण सांगा. मी आरामशीनवरून पोतंभर भुसा आणला होता, फुकटात. चार दिवसांत शिंका सुरू. कुठल्या लाकडाचा भुसा, कोणालाच माहीत नाही. देवदार-चीडचा तर सशांसाठी वाईटच. मग मांजरांची, ओली झाली की गोळा होणारी रेती घेणार होतो, पण ससा ती खातो आणि पोटात ती फुगते, हे वेळेवर कळलं. सध्या कागदाच्या गोळ्या आणि वर गव्हाचं कुटार, म्हणजे भुसकट. तो त्याच्यावर बसून तेच चघळतो. असो, त्याची मर्जी.
आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घरासमोरूनच मारबतीची मिरवणूक, इडा-पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची. ढोल वाजले तशी स्वारी कपाटाखाली, आणि पुढचे तीन दिवस ट्रे कपाटाखालीच. मी ओढून बाहेर काढला नाही, रोज वीतभर सरकवत मूळ जागी आणला. आई मिरवणुकीकडे बघून ओरडत होती, "सशाच्या लेंड्या घेऊन जा गे मारबत!"

नवतपा_नको :
आमचं प्रकरण मे महिन्यातलं. पाचव्या मजल्यावर, बाल्कनीत ट्रे. एप्रिलपर्यंत उत्तम. नवतपा (मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस) लागला आणि पिल्लू कुलरच्या समोर, बरोबर दाराच्या मधोमध मुतायला लागलं. मी वैतागून बाल्कनीत जाऊन ट्रेला हात लावला, प्लास्टिक तव्यासारखं तापलेलं! मी तरी गेलो असतो का तिथे? ट्रे कुलरजवळ आणला, प्रश्न संपला. तसंही पस्तीसच्या वर पारा गेला की सशाच्या जिवाला धोका, त्यामुळे आता तो दिवसभर आतच असतो आणि शेजारी बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून.

सदरवाली_काकू :
लाल लघवी बघून घाबरू नका, हे कोणी लिहिलंच नाही. पांढऱ्या चादरीवर केशरी-लाल डाग बघून मी रात्री अकराला रिक्षा करून सशाला दवाखान्यात नेलं. बीट आणि कोथिंबीर झाली होती जास्त. खाण्यातल्या रंगद्रव्यामुळे तसं होतं. पण सशाला कुंथावं लागत असेल, मागचा भाग ओला राहत असेल, तर मात्र थांबू नका. आमच्या आधीच्या सशाने दोन वर्षं ट्रे वापरून अचानक बाहेर करायला सुरुवात केली. मी त्याला रागावत राहिले. मूत्राशयात गाळ साचला होता. अजून मनाला लागतं ते.
आणि हो, संत्र्याच्या फोडी कमी. नागपूरचा ससा म्हणून आम्ही रोज द्यायचो. काळपट, चिकट, द्राक्षांच्या घोसासारखी शी सोफ्यावर. ती खरं तर तो परत खातो, त्याला लागते ती. गोड जास्त झालं की शिल्लक राहते आणि आपण बसतो त्यावर.

संत्राबर्फी :
काकू, फोडी आजपासून बंद. सगळ्यांचं वाचून काल गादीची खोली बंद केली, तिकोनी ट्रे (हो, आमचाही तिकोनीच!) माळ्यावर टाकला आणि टब कापला. कड कापताना सुरी वाकली, सासूबाईंची. चारा टबात घातला. बुंदी आली, वास घेतला, आत बसून तासभर चरली. उठल्यावर मोजल्या, आत बत्तीस लेंड्या, बाहेर पाच. मग बाहेर आली आणि पायपुसण्यावर लघवी केली.
पायपुसणं उचललंय. ऑपरेशनबद्दल उद्या सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात विचारते. मादीचं करताना कोणी काय काळजी घेतली, तेवढं अजून कोणी लिहा.