‘गाडी हवी असेल तर पैसे टाका’ असा फोन आला तर : सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सेक्रेटरी (ए-१०१), सकाळी ९:१२
नमस्कार मंडळी. समोरच्या सोसायटीतली पांढरी हॅचबॅक परवा रात्री रस्त्यावरून चोरीला गेली. मालकांनी गाडीचा फोटो, नंबर आणि स्वतःचा मोबाइल टाकून मेसेज सगळीकडे फिरवला. काल संध्याकाळी फोन आला : "गाडी आमच्याकडे आहे, पस्तीस हजार टाका, कुठे उभी आहे ते सांगतो. पोलिसांत गेलात तर तुकडे करून विकू." अजून तक्रार दिलेली नाही. आपल्याकडे या कामातले जाणकार आहेत, म्हणून विचारतोय. काय करावं त्यांनी?

बी-७०४ (निवृत्त पोलीस निरीक्षक), ९:२०
सर्वात आधी पोलीस ठाणं. दोन रात्री गेल्यात, आता तासाचाही उशीर नको. जाताना एवढं खात्रीने बघा की गाडी ट्रॅफिकवाल्यांनी टो केलेली नाही आणि हप्ते थकले म्हणून वसुलीवाल्यांनी उचललेली नाही. दोन फोनचं काम आहे. त्यानंतर थेट एफआयआर. हद्दीचा वाद घालून कोणी परत पाठवलं तर झिरो एफआयआर मागा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो आणि प्रत फुकट मिळते. ऑनलाइन कळवलं असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, हे लोक विसरतात.

तक्रारीत गाडी शेवटची कधी पाहिली आणि कधी नाहीशी दिसली, या दोन्ही वेळा लिहा. इंजिन आणि चासी नंबर आरसीवरून उतरवून घ्या, आठवणीने सांगू नका. आणि खंडणीचा फोन त्याच जबाबात आला पाहिजे.

बी-३०१, ९:२६
काका, पस्तीस हजारांत गाडी मिळत असेल तर देऊन मोकळं का होऊ नये? पोलीस, कोर्ट, विमा यात सहा महिने जाणार. गाडी दहा वर्षं जुनी आहे. माणूस वैतागतो हो.

बी-७०४, ९:३३
ताई, तो वैताग खरा आहे आणि फोन करणारा त्यावरच हिशेब मांडतो. जुनी गाडी त्याला विकायला परवडत नाही. कागद बनवा, नंबर ठोका, गिऱ्हाईक शोधा, त्यात पकडलं जाण्याची भीती. मालकाला मात्र ती गाडी बाजारभावापेक्षा जास्त मोलाची असते. म्हणून रक्कम अशी सांगतात की जीवावर येणार नाही, पण नवी गाडी घेण्यापेक्षा खूपच स्वस्त वाटेल.

अर्थात हे त्याच्याकडे खरोखर गाडी असेल तर. या फोनमध्ये फसवे फोन भरपूर असतात. व्हायरल मेसेजमधून नंबर मिळाला, गाडीचा रंग मिळाला, जागा मिळाली, अजून काय हवं? गाडी त्याने डोळ्यांनीही पाहिलेली नसते. आधी "पाच हजार टोकन टाका", मग "ड्रायव्हरचा खर्च", मग "नाक्यावर द्यावे लागले". गाडी काही येत नाही.

बी-७०४, ९:३८
हा धंदा जगभर आहे. इटलीत नेपल्स आणि पुलियाकडे गाडी चोरून मालकालाच परत विकण्याची जुनी पद्धत आहे, मध्यस्थ ठरलेले असतात. तैवानमध्ये टोळ्यांनी गाड्यांबरोबर शर्यतीची कबुतरंही खंडणीसाठी धरली, पैसे मात्र दुसऱ्याच कोणाच्या खात्यात मागवायचे. आपल्याकडे चंबळ पट्ट्यात गुरं चोरून पैसे घेऊन परत करणं पिढ्यान्‌पिढ्या चाललंय, त्याला पनिहाई म्हणतात. सगळीकडे एकच दिसतं, ज्या भागात लोक गुपचूप पैसे देतात तिथे चोरी वाढते. आणि ज्याने एकदा दिले त्याचा नंबर चोराकडे राहतो.

ए-५०२ (वकील), ९:४७
कायद्याची बाजू सांगते. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. चोरी कलम ३०३, वाहनाच्या चोरीला ३०५ लागू शकतं, त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. "तुकडे करू" ही धमकी देऊन पैसे मागणं म्हणजे खंडणी, कलम ३०८, तिथेही सात वर्षांपर्यंत. चोरीचा माल ठेवणाऱ्याला ३१७.

आता जे कोणालाच ठाऊक नसतं ते. "माझी ओळख आहे, तीस हजारांत आणून देतो" म्हणणारा भला माणूस, मग तो गॅरेजवाला असो, एजंट असो की गल्लीतला नेता. चोरीची वस्तू मिळवून देण्यासाठी मोबदला घेणं हा कलम २५२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत. चोर पकडला जावा म्हणून त्याने शक्य ते सगळं केलं असेल तरच तो सुटतो. म्हणून असा कोणी पुढे आला तर त्याचंही नाव पोलिसांना द्या.

पैसे देणारा मालक पीडितच असतो. पण न कळवता गाडी परत घेतली की त्याची अडचण सुरू होते. ती सर्वेअर साहेबच नीट सांगतील.

सी-२०३ (विमा सर्वेअर), १०:०५
सांगतो. तक्रार देऊन मग गुपचूप गाडी परत आणली, तर पोलिसांच्या नोंदीत ती चोरीचीच राहते. नाकाबंदीत अडकते, विकायला काढली की हस्तांतरण अडतं. आणि विम्याचा दावा चालू ठेवून गाडी दडवली तर ती सरळ फसवणूक. गाडी मिळाली की पोलीस आणि कंपनी दोघांना त्याच दिवशी लेखी कळवायचं.

तक्रारच दिली नाही तर आणखी वाईट. मधल्या दिवसांत गाडीने कोणाला उडवलं, तिच्यातून दारू नेली, कॅमेऱ्यात सिग्नल तोडताना दिसली, तर नोटीस आरसीवरच्या नावाने येते. एफआयआरवरची तारीख-वेळ हाच मालकाचा बचाव.

खंडणीत दिलेले पैसे विमा भरून देत नाही. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर चोरीचे पैसेही नाहीत. सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत मिळते. ती कशी ठरते बघा : तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के घसारा, म्हणजे ८ लाखांच्या गाडीची आयडीव्ही साधारण ४ लाख ८० हजार. पाच वर्षांनंतर कंपनी आणि मालक आपसांत ठरवतात. प्रीमियम वाचवायला लोक ती कमी लावून घेतात आणि चोरीच्या दिवशी हळहळतात.

बी-३०१, १०:०९
तक्रार उशिरा दिली तर दावा जातो ना? यांना दोन दिवस झालेत.

सी-२०३, १०:१८
दोन उशीर वेगळे धरा. एफआयआर वेळेत होता आणि फक्त कंपनीला कळवायला उशीर झाला, तर तेवढ्यावरून खरा दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुरशिंदर सिंग प्रकरणात सांगितलं. पण एफआयआरच उशिरा असेल तर तो बचाव लंगडा पडतो. म्हणून आजच जा, आणि उशिराचं खरं कारण जबाबात लिहा.

कंपनी हे मागेल : मूळ आरसी, पॉलिसी, दोन्ही चाव्या, एफआयआरची प्रत, आरटीओला दिलेल्या पत्राची पोच, गाडी हस्तांतरणाचे फॉर्म २८, २९ आणि ३०, कर्ज असेल तर बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, शेवटी कोर्टाने मंजूर केलेली अ समरी. अ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण तपास लागला नाही. ती यायला महिने लागतात, त्यासाठी पोलीस ठाण्यात चकरा मारायची तयारी ठेवा.

चाव्यांवर बरेच दावे अडतात. दुसरी चावी कुठेतरी हरवलेली असते आणि मालक बाजारातून नवी करून देतो. कंपनी चावीची तपासणी करून घेते, नवी बनवलेली असेल तर ते निघतं आणि खरा दावाही संशयात येतो. हरवली असेल तर हरवली असं लिहून द्या.

डी-१०४ (ऑटो इलेक्ट्रिशियन), १०:३१
फास्टॅगचं विसरू नका. गाडी टोलवरून गेली की मालकाच्या मोबाइलवर मेसेज येतो, त्यात नाका आणि वेळ असते. समजा पुण्याहून निघाली, आधी खेड शिवापूर आणि तासाभराने आनेवाडी दिसलं, म्हणजे गाडी साताऱ्याकडे चाललीय. तासवडे, किणी आलं की कोल्हापूर. लोक घाबरून लगेच टॅग बंद करतात आणि हा धागाच तोडतात. पोलिसांना विचारूनच बंद करा. टॅगच्या बँकेतून व्यवहारांची यादीही काढून द्या.

बी-७०४, १०:४०
उत्तम मुद्दा. आता त्या फोनबद्दल, कारण तो आज परत येणार.

"नाही" म्हणू नका, "हो" पण म्हणू नका. "जुळवाजुळव करतोय, वेळ द्या" एवढंच. आवाज चढवू नका, पोलिसांचं नाव काढू नका. पुरावा मागा, पण माहिती पुरवू नका. "डाव्या दारावर ओरखडा आहे ना?" असं विचारलंत की तो हो म्हणणारच. "डिकीत काय आहे सांग" किंवा "आजच्या तारखेचा ओडोमीटरचा फोटो पाठव" असं विचारा. चासी नंबर सांगितला म्हणजे गाडी त्याच्याकडेच आहे असं नाही, तो कागदपत्रांतूनही मिळतो. उलट आरसीची झेरॉक्स डिकीत ठेवलेली असेल तर घरचा पत्ताही त्याच्याकडे गेला, हे लक्षात घ्या.

प्रत्येक फोनचा नंबर, वेळ, किती मिनिटं बोलला आणि शब्द वहीत उतरवा. त्यावरून तपास अधिकारी कॉल डिटेल्स, टॉवर आणि खातं कोणाचं ते काढतात. खातं बहुतेक वेळा भाड्याने घेतलेलं असतं, तरी पैसा कोणीतरी एटीएममधून काढतोच आणि तिथे कॅमेरा असतो.

तो म्हणेल त्या जागी एकट्याने किंवा पोरांना घेऊन जाऊ नका. हायवेलगतच्या मोकळ्या जागेवर रात्री बोलावतात, गाडी नसते आणि खिशातले पैसेही जातात. रोख द्यायचीच वेळ आली तर तो पोलिसांचा सापळा असतो. पंचांसमोर नोटांचे नंबर पंचनाम्यात उतरवतात, नंतर त्याच नोटा त्याच्याकडे सापडल्या की सुटायला वाव राहत नाही.

ए-५०२, १०:४८
त्याच्या कॉलचं रेकॉर्डिंग केलं तर ते मूळ फोनमध्येच राहू द्या. ग्रुपवर फॉरवर्ड करून मूळ फाइल उडवली की कोर्टात त्रास होतो. डिजिटल पुराव्यासोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा आकडी ठसा, लिहावी लागते. पाठवणाऱ्याने मेसेज डिलीट करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या आणि चॅट एक्सपोर्ट करा.

आणि पैसे आधीच गेले असतील तर लाज न बाळगता ताबडतोब सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन करा. यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर हाताशी ठेवा. पैसा पुढच्या खात्यात जायच्या आत कळलं तर रक्कम गोठवता येते.

सेक्रेटरी, १०:५५
हे सगळं त्यांना पाठवलं. ते ठाण्यात निघालेत. आणि गाडी खरंच सापडली तर?

ए-५०२, ११:०४
हात लावायचा नाही. दार उघडायचं नाही, चावी फिरवायची नाही. पोलीस येऊन ठसे घेतील, पंचनामा करतील. मग गाडी मुद्देमाल म्हणून ठाण्यात जाते आणि कोर्टात अर्ज करून सुपुर्दनाम्यावर सोडवावी लागते. वाहनं ठाण्याच्या आवारात सडत ठेवू नका, फोटो आणि पंचनामा करून बंधपत्रावर परत द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्येच सांगितलंय. पहिल्याच आठवड्यात अर्ज टाका. निकाल लागेपर्यंत गाडी विकायची नाही, रंग बदलायचा नाही, या अटी असतात.

डी-१०४, ११:१२
ताब्यात आली की चालवत घरी आणू नका, टो करा. ब्रेक ऑइल, टायरचे नट, स्टिअरिंगखालची कापलेली वायर बघायची. सीट आणि स्टेपनीखाली दुसऱ्या कोणाचं काही ठेवलंय का, ते पोलिसांसमोरच बघून घ्या. मग सगळ्या जुन्या चाव्या सिस्टिममधून पुसून नव्याने प्रोग्राम करा. नुसतं दाराचं लॉक बदलून भागत नाही. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गॅरेजवाले गाडीतले बिघाड तपासायला यंत्र लावतात ते) यंत्र जोडून चोराने स्वतःची चावी चढवलेली असते, ती पुसली नाही तर तोच माणूस महिन्याने परत येईल.

बी-३०१, ११:१५
आपल्या गाड्यांसाठी काय करायचं? जीपीएस बसवला की झालं का?

डी-१०४, ११:२४
बसवण्यावर आहे. ओबीडीत खोचायचा ट्रॅकर चोर हाताने उपटतो. वायरिंगचा घ्या. बॅटरीच्या कायम चालू १२ व्होल्टवरून, वाटेत फ्यूज टाकून. चावी फिरवल्यावर चालू होणाऱ्या वायरवर जोडला तर गाडी बंद झाली की तोही आंधळा होतो. आतली छोटी बॅटरी बहुतेकांत काही तासच टिकते, म्हणून वायर तुटल्याचा इशारा मोबाइलवर येतो ना, ते बसवून घेताना फ्यूज काढून बघा. सिमचा रिचार्ज संपलेला ट्रॅकर असंख्य गाड्यांत नुसता पडलेला असतो.

त्याहून स्वस्त म्हणजे फ्युएल पंपाच्या रिलेवर लपवलेला स्विच. गाडी सुरूच होत नाही. फक्त तो रोजच्या गॅरेजवाल्यालाही दाखवू नका, आणि वॉरंटी चालू असेल तर वायर कापण्याआधी शोरूमला विचारा. बटण स्टार्टच्या गाड्यांची चावी दाराजवळच्या खुंटीला टांगू नका, सिग्नल वाढवणारं यंत्र ती बाहेरून पकडतं. धातूच्या अस्तराच्या पाकिटात ठेवा.

आणि काचेवर मोठ्या अक्षरांत मोबाइल नंबर लिहिलेल्या गाड्या आपल्याच पार्किंगमध्ये आहेत. गाडी गेली की खंडणीसाठी नंबर शोधायचीही गरज उरत नाही. फ्लॅट नंबर लिहा, वॉचमन फोन करेल.

बी-७०४, ११:३०
सेक्रेटरी साहेब, आपला गेटचा तिसरा कॅमेरा समोरच्या रस्त्यावर आहे. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर भरला की जुनं आपोआप पुसतो, म्हणून परवा रात्री अकरा ते सकाळी सहाचं फुटेज आत्ताच पेनड्राइव्हवर काढा. काढताना स्क्रीनवरची वेळ आणि मोबाइलची वेळ एकाच फोटोत घ्या, घड्याळ पुढे-मागे असतं आणि तपास तिथेच चुकतो. कलम ६३ च्या प्रमाणपत्रावर सही तुमची लागेल.

सेक्रेटरी, ११:३३
डीव्हीआरची खोली उघडतोय. डी-१०४, दहा मिनिटांत खाली या, एक्सपोर्ट तुम्हीच करा.