मदत हवी आहे: ६८ वर्षांच्या बाबांना घेऊन जेजू बेटावर समुद्रकाठाने चालायचंय

नमस्कार मंडळी,

थेट मुद्द्यावर येते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि बाबा दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावर चाललोय, दिल्लीहून सोल आणि तिथून जेजू, बेटावर पूर्ण पाच दिवस हातात आहेत. तिथे बेटाला वळसा घालणाऱ्या चालायच्या वाटा आहेत, जेजू ओले म्हणतात त्याला, २७ टप्पे, सगळे मिळून ४३७ किमी. त्यातले कुठले तुकडे घ्यावेत हेच ठरत नाहीये, कारण इंटरनेटवर जे सापडतंय ते सगळं पंचविशीतल्या मुलामुलींनी लिहिलेलं आहे आणि गुडघ्याबद्दल कोणी एक अक्षर लिहीत नाही.

थोडं बाबांबद्दल सांगते, म्हणजे अंदाज येईल. बाबांनी ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवला. दरवर्षी फळ्यावर ज्वालामुखीचा छेद काढायचे, लाल खडूने लाव्हा, आणि चित्र पूर्ण झालं की सांगायचे की मुलांनो हा डोंगर आपल्याकडचा नाही, आपला सह्याद्री असल्या शंकूतून झालेला नाही, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा थरावर थर पसरत गेला. मी त्यांच्या वर्गात होते, मला ते वाक्य अजून पाठ आहे. कुठेही गेलो, सिंहगड असो, कार्ल्याची लेणी असोत, अगदी जंगली महाराज रोडवरचं पाताळेश्वर असो, बाबांचा हात आधी दगडाला लागणार. घरी शोकेसमध्ये वाघोलीच्या खाणीतले दगड आहेत, त्यातल्या एकावर कॅव्हान्साइट या खनिजाचे निळेभोर ठिपके आहेत, तो दगड ते कोणालाही पुसू देत नाहीत, स्वतःच पेंटिंगच्या ब्रशने झटकतात. पण फळ्यावर काढला तसा ज्वालामुखी त्यांनी उभ्या आयुष्यात बघितलेला नाही. नोकरी होती तेव्हा पैसे नव्हते, नंतर आईचं आजारपण. आता मला जमतंय तर मला त्यांना न्यायचंच आहे.

अडचण अशी की त्यांच्या उजव्या गुडघ्याची गादी झिजलीय. रोज सकाळी वेताळ टेकडीवर जातात, सपाटीला आणि चढाला माझ्या पुढे असतात, त्रास होतो तो उतरताना. मागच्या हिवाळ्यात सिंहगडावरून आतकरवाडीच्या वाटेने उतरत होतो, एकदाही थांबूया म्हणाले नाहीत, पण मी वळून बघितलं तर काठीवरची बोटं पांढरी पडली होती. डॉक्टर म्हणतात चाला, पण पायऱ्या आणि तीव्र उतार टाळा.

आधी एका टूरवाल्यांकडे गेलो होतो. तिथला माणूस बाबांकडे न बघता मला म्हणाला, आजोबांना बसमधूनच दाखवू, फोटो पॉइंटला दहा मिनिटं उतरवू. बाबा घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मला ते फार लागलं, म्हणून सगळं स्वतःच ठरवतेय.

तर जे कोणी जाऊन आलेत त्यांनी सांगा, दिवसाला साधारण ७-८ किमी, कमी पायऱ्या आणि दगड मात्र भरपूर बघायला मिळतील असे टप्पे कुठले? राहायला उत्तरेला जेजू शहर बरं की दक्षिणेला सोग्विपो? गाडी चालवणार नाही, बस जमतील का? वाटेत चुकायला होतं का? आणि बाबा शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही, त्याचं काय करायचं? शेवटचं, बाबांना शोकेससाठी तिथला छोटासा दगड आणायचाय, चालतो का?

– – –

प्रतिसाद (कोथरूड)

ताई, आम्ही दोघं दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये गेलो होतो, तेव्हा माझं वय ६१ होतं, त्यामुळे पंचविशीतलं नाही सांगणार.

राहायला सोग्विपोच घ्या, काकांना जे बघायचंय त्यातलं बरंचसं दक्षिणेला आणि पश्चिमेला आहे. बसची काळजी नको, २०१ नंबर पूर्व किनाऱ्याने आणि २०२ पश्चिम किनाऱ्याने जेजू शहर ते सोग्विपो जातात, टी-मनी कार्ड (आधी पैसे भरून ठेवायचं बसचं कार्ड) घ्या की झालं. त्यामुळे अख्खा टप्पा चाललाच पाहिजे असं नाही, दमलात की किनारा सोडून मोठ्या रस्त्याला या आणि बस पकडा. गूगल मॅप तिथे पायी रस्ता दाखवत नव्हता, नेव्हर (Naver) मॅप हे कोरियन अ‍ॅप फोनवर आधीच टाकून घ्या. वाट तशी चुकत नाही, झाडांना, खांबांना निळ्या आणि नारिंगी रिबिनी बांधलेल्या असतात, आणि घोड्याच्या आकाराची पाटी असते, घोड्याचं तोंड जिकडे तिकडे जायचं. दहा मिनिटं रिबीन दिसली नाही तर मागे फिरा, आम्ही एकदा हट्टाने पुढे गेलो आणि संत्र्याच्या बागेत जाऊन पोचलो.

आता टप्पे. ७ नंबर सगळे सांगतात, सुंदर आहेच, पण साडेसतरा किमी आहे, मध्ये पायऱ्या आहेत आणि एका भागात समुद्राकाठच्या गोट्यांवरून पाय टाकत जावं लागतं, तिथे काकांच्या गुडघ्याचे हाल होतील. ओएदोलगे नावाचा समुद्रात उभा एकटा सुळका आहे, तेवढा सुरुवातीचा भाग करा आणि परत फिरा.

काकांसाठी खरा दिवस १२ नंबरवर, सुवोलबोंग. टेकडी जेमतेम ७७ मीटर, आणि तिच्या पायथ्याने समुद्राला लागून सपाट वाट आहे. सुमारे १८ हजार वर्षांपूर्वी तापलेला मॅग्मा पाण्याला भिडला, स्फोट होत गेले आणि राख थराथराने बसली, ते थर कड्यात वहीच्या पानांसारखे दिसतात. मध्येच एखादा मोठा धोंडा रुतलेला आणि त्याच्याखालचे थर वाकलेले, म्हणजे तो हवेतून येऊन ओल्या राखेत पडला तेव्हा ती दबली, ते तसंच राहिलंय. मला भूगोलातलं काही कळत नाही पण तिथे मी अर्धा तास उभी होते. काकांना घाई करू नका तिथे.

दुसरा दिवस १० नंबरचा, सानबांगसान डोंगर ते सोंगाक्सान टेकडी एवढाच. तिथे योंगमोरी म्हणून किनारा आहे, बेटावरच्या सगळ्यात जुन्या ज्वालामुखींपैकी, कड्याच्या पोटाखालून चालायचं. पण भरती असली किंवा लाटा मोठ्या असल्या की बंद ठेवतात, आमच्या वेळी पहिल्या दिवशी बंदच होता, म्हणून आदल्या दिवशी हॉटेलवाल्यांकडून फोन करून विचारून घ्या. आणि जुसांगजोल्ली बघाच, सहा कोनी दगडी खांब सरळ समुद्रात उतरलेत, लाव्हा झपाट्याने थंड होऊन आकसला की असे तडे जातात. आपल्याकडे अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे ना, तोच प्रकार, पण इथे खाली लाटा आपटत असतात. लाकडी फलाटावरून बघायचं असतं, चालणं थोडंच.

एक दिवस गापादो ठेवा. छोटं बेट, बोटीने जायचं, सगळ्यात उंच जागा २० मीटर, सव्वाचार किमीची वाट, गुडघ्याला सुट्टी. समुद्र खवळला तर बोटी बंद, म्हणून हा दिवस शेवटी ठेवू नका. पूर्वेला सोंगसान इल्चुलबोंग प्रसिद्ध आहे, पाचेक हजार वर्षांपूर्वीचा ज्वालामुखी, पण वर जायला नुसत्या पायऱ्या, आणि आलेल्या वाटेने नाही तर दुसऱ्या पायऱ्यांनी उतरायचं. खालून बघा, १ नंबर टप्प्याच्या शेवटच्या किनाऱ्यावरून तो पूर्ण दिसतो.

वारा विसरू नका. छत्री उपयोगाची नाही, उलटी होते. विंडचीटर आणि कानटोपी घ्या.

जेवणाचं खरं सांगते, त्रास होतो. नुसत्या भाज्यांच्या सूपमध्येही सुक्या मासळीचं पाणी असतं, किमचीत मासळीचा सॉस असतो. बिबिमबाप मिळतो, भातावर भाज्या, मांस आणि अंडं नको असं कोरियनमध्ये लिहून घेऊन फोनवर दाखवा. आम्ही स्वयंपाकघर असलेली खोली घेतली, तांदूळ तिथलाच, मेतकूट, गोडा मसाला आणि मुगाची डाळ घरून. दुपारी वाटेत दशम्या नि शेंगदाण्याची चटणी.

आणि दगड अजिबात आणू नका. जेजूचे दगड आणि वाळू बेटाबाहेर न्यायला कायद्याने बंदी आहे, विमानतळावर सामानात दिसले की काढून घेतात.

– – –

प्रतिसाद

मी फिजिओथेरपिस्ट आहे. काठी एक नको, दोन घ्या, उतरताना थोड्या लांब करायच्या म्हणजे वजन हातावर जातं. आणि आत्तापासून मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम सुरू करा, तीन महिने मिळाले तरी फरक पडतो. गुडघ्याचा पट्टा नवा घेऊन थेट तिकडे घालू नका, इथे टेकडीवर सवय करून घ्या.

– – –

धागाकर्ती

कोथरूडच्या काकू, कशा शब्दांत आभार मानू कळत नाही. तुमचा प्रतिसाद मी बाबांना जेवताना मोठ्याने वाचून दाखवला. राखेत रुतलेल्या धोंड्याचं आलं तेव्हा त्यांनी घास खाली ठेवला आणि परत वाच म्हणाले, मग जुनी वही काढून त्याचं चित्र काढलं, थर कसे वाकले असतील ते. टूरवाल्यांकडून आल्यापासून त्यांनी या प्रवासाबद्दल स्वतःहून काही विचारलं नव्हतं, आज विचारलं, सुवोलबोंगला सकाळी जायचं की दुपारी, ऊन कुठल्या बाजूने येतं. कोणाला माहीत असेल तर सांगा प्लीज.

पहिल्या दिवशी ओएदोलगे, मग सुवोलबोंग, तिसऱ्या दिवशी गापादो, चौथा १० नंबर, योंगमोरी बंद असेल तर पाचव्याशी अदलाबदल, असं धरलंय. दोन काठ्या कालच आणल्या, उद्यापासून वेताळ टेकडीवर.

दगडाचं ऐकून थोडे हिरमुसले, पण मग म्हणाले बरोबर आहे, सगळ्यांनी एकेक आणला तर बेट राहील का. आता त्यांच्या डोक्यात असं आलंय की वाघोलीचा एक दगड, निळा नव्हे, साधा काळा, मुठीएवढा, सोबत न्यायचा आणि तिथल्या सच्छिद्र दगडाशेजारी ठेवून फोटो काढायचा. माझा प्रश्न असा की परत येताना जेजूच्या विमानतळावर तो आमचाच आहे, पुण्याहून आणलाय, हे कसं पटवून द्यायचं? बिल तर नाहीये. जाताना इथे फोटो काढून ठेवला तर मानतील का, की नेऊच नये? कोणाला अनुभव असेल तर जरूर लिहा.