टीईएस संवेदक: मँगॅनीजच्या रेषेला डावीकडे शेपूट का येतं? मदत हवी आहे

नमस्कार. क्ष-किरणांची ऊर्जा मोजणाऱ्या अतिसंवाहक संवेदकांवर (टीईएस म्हणजे ट्रान्झिशन-एज सेन्सर) माझी पीएचडी चालू आहे. तीन महिने एकाच जागी अडकलोय. क्रायोजेनिक्समधलं (अतिथंड तापमानाच्या तंत्रातलं) कुणी इथे असेल तर कृपया वाचा.

संवेदक मोलिब्डेनम-सोन्याच्या दुहेरी थराचा आहे, साधारण १०० मिलिकेल्विनला तो साध्या अवस्थेतून अतिसंवाहक होतो, तिथेच काठावर ठेवलाय. फोटॉन शोषला गेला की थर जरासा तापतो, रोध झपकन वाढतो आणि प्रवाहातली घट स्क्विड (अतिसंवेदनशील चुंबकीय प्रवाहमापक) टिपतो. वर फोटॉन अडवायला बिस्मथचा शोषक आहे. स्रोत लोह-५५, त्याचा क्षय होऊन मँगॅनीजचे क्ष-किरण निघतात.

मँगॅनीजच्या के-अल्फा या क्ष-किरणांच्या दोन रेषा ५८९९ आणि ५८८८ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर येतात. नेहमीच्या सिलिकॉन डिटेक्टरची रेषेची रुंदी तिथे सव्वाशे इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास, म्हणजे त्याला दोन्ही मिळून एकच ढिगारा दिसतो. मला त्या वेगळ्या दिसतात! पहिल्यांदा दिसल्या त्या रात्री झोप लागली नव्हती. पण शिखराच्या डावीकडे, म्हणजे कमी ऊर्जेकडे, लांब शेपूट आहे, पाचातला एक फोटॉन तरी त्यात जातो. नुसत्या नॉइजवरून काढलेलं रिझोल्यूशन ३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येतं, म्हणजे स्क्विडवर संशय नाही. तापमानाच्या सरकण्याची दुरुस्तीही केली. मग ही ऊर्जा जाते कुठे?

प्रतिसाद १:
तापमान सरकलं तर रेषा दोन्हीकडे फुगते, एकाच बाजूला शेपूट येत नाही. दोन गोष्टी सांगा. शेपटातल्या पल्सचा आकार वेगळा आहे का? तसा असेल तर फोटॉन शोषकाऐवजी संवेदकाखालच्या पातळ पडद्यावर किंवा चौकटीवर पडताहेत, पुढे कॉलिमेटर (फक्त शोषकावरच किरण पडू देणारी भोकाची पट्टी) लावा. आणि बिस्मथ कसं चढवलंय?

धागाकर्ता:
आकार तोच, फक्त उंची कमी. कॉलिमेटर आहे. बिस्मथ निर्वातात बाष्पीभवनाने चढवलंय.

प्रतिसाद १:
मग मला बिस्मथवरच शंका आहे. बाष्पीभवनाच्या थरात कण बारीक असतात, थोडी ऊर्जा त्यात अडकून राहते आणि वेळेत उष्णता होऊन खाली पोचत नाही. इलेक्ट्रोप्लेटिंगने चढवलेल्या बिस्मथचे कण बरेच मोठे असतात. अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेने दोन्ही तऱ्हा ताडून पाहिल्या, प्लेटिंगवाल्यात हे शेपूट नव्हतं. पण लगेच नवी वेफर (संवेदकांची नवी चकती) करायला घेऊ नका. फक्त सोन्याचा शोषक असलेला पिक्सेल (एक सुटा संवेदक) आहे का? आधी त्यावर तोच स्रोत लावा, तिथे शेपूट नसेल तर दोष बिस्मथकडे जातो.

धागाकर्ता:
त्याच चिपवर असे चार पिक्सेल आहेत, वायरबाँडिंग (बारीक तारांनी जोडणी) तेवढं राहिलंय. उद्या करून घेतो आणि फ्रीज पुन्हा थंड करतो. स्पेक्ट्रम इथेच टाकेन. मनापासून आभार.