‘सलोह काँक्रीट’ आणि बेसाल्टची सळई

प्रश्न : पुलांच्या कामातील बेसाल्ट तंतूंवर मी टिपण लिहीत आहे. आरसीसीसाठी ‘सलोह काँक्रीट’ हा शब्द रूढ आहे. पण सळई बेसाल्टची असेल तर तो चालेल का? तसेच ‘प्रबलन’, ‘बळकटीकरण’ आणि ‘दुरुस्ती’ यांत फरक करावा का?

उत्तर : ‘सलोह’ येथे चालणार नाही, कारण लोह टाळणे हाच या सळईचा हेतू आहे. पोलादी सळई गंजली की गंज मूळ धातूहून कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्या दाबाने काँक्रीटचे कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फुटतो आणि खाडीवरच्या जुन्या पुलांच्या तुळयांखाली पोपडे निघून तांबूस सळया उघड्या पडतात. बेसाल्टचा दगड सुमारे १,४५० अंश सेल्सियसला वितळवून बारीक छिद्रांतून ओढलेले तंतू राळेत बसवले की जी सळई होते, तिला गंज चढत नाही. म्हणून ‘प्रबलित काँक्रीट’ हा व्यापक शब्द घ्यावा आणि ‘सलोह’ हा त्याचा एक प्रकार मानावा. ‘सळई’ मात्र खुशाल ठेवावी. ते आकाराचे नाव आहे, धातूचे नव्हे.

‘प्रबलन’ हे बांधतानाच आत घातलेल्या सळयांचे किंवा तंतूंचे. उभ्या पुलाच्या खांबावरचे सैल काँक्रीट काढणे, आतल्या सळया घासून स्वच्छ करणे आणि खड्डे मॉर्टरने भरणे ही ‘दुरुस्ती’. त्यानंतर खांबाची भारक्षमता वाढावी म्हणून त्याभोवती बेसाल्टचे कापड इपॉक्सीने घट्ट गुंडाळले, तर ते ‘बळकटीकरण’. हा फरक निविदेतही पाळला जावा असे मला कळकळीने वाटते, कारण नुसते कापड गुंडाळल्याने आतला गंज थांबत नाही.

‘पोलादाहून मजबूत’ असे सरसकट लिहू नये. या सळईचे ताणसामर्थ्य १,००० मेगापास्कलच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते, परंतु तिचा स्थितिस्थापकता गुणांक (ताठरपणाचे माप) साधारण ५० गिगापास्कल, म्हणजे पोलादाच्या चौथाईइतकाच असतो. त्यामुळे तुळई अधिक वाकते व भेगा रुंदावतात. शिवाय पोलाद तुटण्यापूर्वी लांबत जाऊन इशारा देते, तसे ही सळई देत नाही. ‘सामर्थ्य’ आणि ‘ताठरपणा’ हे शब्द म्हणूनच वेगळे ठेवावेत.

पुरवणी : परिभाषेतला ‘असिताश्म’ खडकासाठी योग्य आहे, परंतु तंतूंसाठी ‘बेसाल्ट’च लिहावे. ‘काळा पाषाण’ लिहिल्यास सह्याद्रीतला कोणताही दगड चालेल असा समज होईल. प्रत्यक्षात तंतू ओढण्याजोगे रासायनिक घटक प्रत्येक बेसाल्टात नसतात.