विषय: ‘संशयकल्लोळ’ची ऑडिशन, येत्या शनिवारी

प्रेषक: नाट्यसमिती

नमस्कार मंडळी,

यंदा रंगभूमी दिनाचं नाटक ठरलं: ‘संगीत संशयकल्लोळ’. ५ नोव्हेंबर १८४३ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ हे मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक केलं, त्या तारखेच्या लगतच्या शनिवारी आपला प्रयोग आहे. ऑडिशन येत्या शनिवारी दुपारी दोनपासून, न्यू जर्सीतल्या एडिसनला, नेहमीच्याच शाळेत. मागच्या दाराने या, पुढचं बंद असतं.

हेच नाटक का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. एक कारण व्यवहाराचं. चालू नाटक घ्यायचं तर लेखकाची लेखी परवानगी हवी, मानधन हवं, आणि काटछाट करायची तर त्यालाही विचारायला हवं. ‘संशयकल्लोळ’चे लेखक गोविंद बल्लाळ देवल १९१६ सालीच गेले, त्यामुळे संहितेवर आता कुणाचा हक्क उरलेला नाही. आपल्याला हॉल दहाला रिकामा करून द्यावा लागतो, म्हणजे नाटक अडीच तासांत बसवायलाच हवं.

खरं कारण मात्र वेगळं आहे. मूळ कथानक आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून घेतलेलं असलं तरी फाल्गुनराव आणि कृत्तिका हे संशयी नवरा-बायको आपल्या शेजारी राहत असावेत इतके आपले वाटतात. नाटकात खलनायक कुणीच नाही. प्रत्येकाने अर्धंच पाहिलंय आणि उरलेलं मनानेच रचलंय. रस्त्यात पडलेली आश्विनशेठची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते, ती निरखून बघत असताना नवरा येतो, आणि तिथून जो गोंधळ सुरू होतो तो शेवटापर्यंत थांबत नाही.

ऑडिशनला हाच प्रवेश वाचायचा आहे. तसबीर देणार नाही. रिकाम्या हातात ती आहे असं समजून वाचायचं. नजर कागदावर खिळली की लगेच कळतं.

एक कळकळीची विनंती. ‘संगीत नाटक आहे, आम्हाला कुठे गाता येतं’ म्हणून घरी बसू नका. फाल्गुनराव गाजवला तो गणपतराव बोडसांनी, आणि तो उभा आहे बोलण्यावर. त्याचा नोकर भादव्या, त्यालाही चोख बोलणारा माणूस हवा. गद्य ढिलं पडलं तर चांगलं झालेलं पदसुद्धा लोक घड्याळ बघत ऐकतात.

– नाट्यसमितीच्या वतीने, यंदाची दिग्दर्शिका

प्रेषक: एक सभासद, प्लेन्सबरो

ताई, नमस्कार.

माझी मुलगी इथेच जन्मली, आता कॉलेजात आहे. गाणं लहानपणापासून शिकते, घरी आमच्याशी मराठीच बोलते. तिला रेवतीच्या, म्हणजे आश्विनशेठच्या प्रेयसीच्या, भूमिकेसाठी यायचंय. पण देवनागरी वाचताना फार अडखळते आणि चार लोकांसमोर वाचायचं म्हटलं की कानकोंडी होते. संहिता रोमन लिपीत मिळाली तर ती नक्की येईल. मागच्या वर्षी याच कारणाने आली नाही, आणि प्रयोग बघताना सगळा वेळ गप्प बसून होती. मला ते फार लागलं.

प्रेषक: तबल्यावरचा काका

मंडळी, नाटक छान निवडलंत. पण साथ रेकॉर्डेड ट्रॅकवर नको, हे आत्ताच सांगतो. गाणाऱ्याला एखादी जागा पुन्हा घ्यावीशी वाटली, प्रेक्षकांनी वन्समोअर दिला, तर ट्रॅक थांबत नाही. पेटीवाल्या वहिनींशी बोललोय, त्या तयार आहेत.

निवड झाली की रेवती आणि आश्विनशेठचे सूर, म्हणजे पेटीची कुठली पट्टी ते, मला त्याच दिवशी कळवा. ती काळी चारला आणि तो काळी एकला गाणार असेल तर मला दोन तबले लावून बसावं लागेल. ऐन प्रयोगात हातोडी घेऊन ठोकत बसलो तर प्रवेशाची सगळी गती जाते. पदंही आत्ताच निवडा. सगळी घेतलीत तर अडीच तासांत मावणार नाहीत.

प्रेषक: नाट्यसमिती

काका, ट्रॅक नाही, शब्द देते. सूर शनिवारी रात्रीच कळवीन. कुठली पदं ठेवायची ते आपण तिघं रविवारी बसून ठरवू. तुम्ही आणि वहिनी आमच्याकडेच जेवायला या.

प्लेन्सबरोच्या ताई, लेकीला नक्की आणा. रोमन संहिता मात्र देणार नाही, आणि त्याचं कारण तिलाही सांगा. रोमनमध्ये ‘ल’ आणि ‘ळ’, ‘न’ आणि ‘ण’, ‘त’ आणि ‘ट’ एकाच अक्षरात गुंडाळले जातात. तसं पाठ झालं की तोंडात तेच बसतं, आणि मग तालमीत ते काढता काढता नाकी नऊ येतात. त्याऐवजी मी तो प्रवेश सावकाश वाचून, रेकॉर्ड करून आज रात्री तुम्हाला पाठवते. तिने ऐकून पाठ करावा. शनिवारी कागद हातात घ्यायचीच गरज नाही, तोंडपाठ म्हणून दाखवला तरी चालेल. रंगमंचावर तरी कुणाच्या हातात कागद असतो? रेवती ही बालगंधर्वांनी गाजवलेली भूमिका आहे हे तिला माहीत असेलच. त्याचं दडपण घेऊ नको म्हणावं. तिचं गाणं तिच्या गळ्यातलंच ऐकायचंय.

हीच सोय ज्यांना हवी असेल त्या सगळ्यांनी मला मेल करा, मुलं असोत की मोठी.

आणि प्रॉम्प्टिंगला अजून कुणीच नाव दिलेलं नाही. विंगेत उभं राहून नाटकाचा शब्द न् शब्द सांभाळायचा, पण आवाज पहिल्या रांगेपर्यंत जाऊ द्यायचा नाही. त्याला शांत डोक्याचा माणूस लागतो, आणि तो पहिल्या तालमीपासून हवा.