आखाजीच्या फोटोंतले बारीक डोळे
जुन्या उन्हाळी फोटोंत सगळ्यांचे डोळे बारीक का दिसतात, असा प्रश्न पडतो. आमच्या जळगावकडच्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) फोटोंतही तेच आहे. आगफा क्लिक ३ सारख्या साध्या कॅमेऱ्यात एका रोलवर १२च फोटो निघत आणि त्याला भरपूर ऊन लागे. म्हणून फोटो काढणारा सूर्य पाठीशी घेई आणि माहेरी आलेल्या बहिणी निंबाच्या झोक्याशेजारी थेट वैशाखाच्या उन्हाकडे तोंड करून उभ्या राहत. आमची खरी मैफल मात्र आमरस आणि खापरावरच्या पुरणाच्या मांड्यांचे जेवण आटोपल्यावर, रात्री, पाणी शिंपडून गार केलेल्या धाब्यावर (घराच्या सपाट मातीच्या छतावर) जमे. तिचा एकही फोटो नाही, कारण फ्लॅश आमच्यापैकी कोणाकडेच नव्हता. (निदान मांड्यांचा तरी एक असायला हवा होता.)